सीलच्या कातड्यांवरील युरोपीय बंदी आणि इनुइट शिकारी

प्रश्न
आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर फासेपारध्यांची शिकारच गुन्हा ठरली, त्यामुळे त्यांची उपजीविका का बुडाली हे समजते. पण कॅनडातील इनुइटांची, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या मूळ रहिवाशांची, सील या समुद्री प्राण्याची शिकार कायदेशीर आहे आणि युरोपीय संघाने २००९ च्या बंदीतून त्यांना सूटही दिली होती. तरीही त्यांचे उत्पन्न का गेले?

प्रतिसाद १
सूट मिळाली तेव्हा विकत घेणारे फारसे उरलेच नव्हते. कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ हार्प सील या जातीची पांढरी पिल्ले मारली जात असल्याची छायाचित्रे पाहून युरोपात संताप उसळला आणि १९८३ साली त्या पिल्लांच्या कातड्यांची आयात थांबवण्यात आली. इनुइट प्रामुख्याने मारतात तो रिंग्ड सील, म्हणजे निराळीच जात. पण दुकानातल्या गिऱ्हाइकाला हा फरक कुठून कळणार? मागणी सरसकट आटली.

प्रतिसाद २
यात अन्नाचा प्रश्न आहे, तो सहसा कोणी मांडत नाही. गोठलेल्या समुद्रात सील श्वासासाठी बर्फात भोक राखतो आणि शिकारी त्या भोकाशी तासन्‌तास निश्चल उभा राहतो. मांस घरात व शेजारी वाटले जाते. बायका उलू नावाच्या अर्धचंद्राकृती सुरीने कातड्याची चरबी खरवडतात, ते चौकटीवर ताणून वाळवतात आणि त्याचे बूट शिवतात. उरलेली कातडी विकून स्नोमोबाइलचे पेट्रोल आणि काडतुसे येत. ती विक्री थांबली की शिकारीला जाणेच परवडत नाही, आणि मग दक्षिणेतून आलेले महागडे अन्न विकत घ्यावे लागते.

प्रतिसाद ३
प्राण्यांच्या वेदनेची चिंता मला खरी वाटते. मात्र पाय पकडणाऱ्या सापळ्यांबाबत युरोपने १९९१ मध्ये कायदा करून तेरा प्राण्यांच्या कातड्यांवर निर्बंध आणले, तेव्हा पुढे वाटाघाटी झाल्या आणि १९९७ मध्ये कॅनडा व रशियाशी सापळ्यांच्या मानकांचा करार झाला. तिथे चर्चा पद्धतीची होती. सीलच्या बाबतीत व्यापारच बंद केला गेला. जागतिक व्यापार संघटनेने २०१४ मध्ये या बंदीसाठी लोकांच्या नैतिक भावनेचा आधार मान्य केला, पण सूट ग्रीनलंडच्या इनुइटांना जशी मिळाली तशी कॅनडातल्यांना मिळाली नाही, हा दोषही दाखवला. नुनावूत या कॅनडातील इनुइटबहुल प्रदेशाच्या सरकारला, कातडी इनुइट शिकारीचीच असल्याची प्रमाणपत्रे देण्याची मान्यता २०१५ मध्ये मिळाली, म्हणजे बाजार कोसळल्यानंतर तब्बल बत्तीस वर्षांनी.