३१ डिसेंबरची उपासना : नुसती साक्ष की झडती पण? (चर्चा)

विजापूररोडकर
जय ख्रिस्त मंडळी. दरवर्षी हा विषय डोक्यात येतो आणि नाताळच्या गडबडीत राहून जातो, म्हणून यंदा आधीच टाकतोय. ३१ च्या रात्रीची आपली उपासना आता जवळजवळ सत्कार समारंभ झालीय असं माझं स्पष्ट मत आहे. एकेक जण उठतो, साक्ष देतो, यंदा देवानं फ्लॅट दिला, पोराला पुण्यात नोकरी लावली, गाडी दिली, सगळे आमेन म्हणतात, मग वचनाची कार्डं येतात, ताटातनं एक उचलायचं, आणि त्या ताटात सगळी आशीर्वादाचीच वचनं. बायबलातल्या लूक १३ मधलं अंजिराचं झाड कुणाच्या कार्डावर आलेलं मी तरी बघितलं नाही. मालक तीन वर्षं फळ बघायला येतो, मिळत नाही, म्हणतो तोडून टाक, उगाच जागा अडवतंय. माळी म्हणतो एवढं वर्ष राहू द्या, मी आळं खणतो, खत घालतो. वर्षअखेरला वाचायला ह्याहून नेमका उतारा कुठला सांगा की. पुढचं वर्ष कुणीतरी आपल्यासाठी मागून घेतलंय, हे त्या रात्री एकदा तरी कुणी म्हणायला नको का?

आणि पापांगीकार, म्हणजे पापं कबूल करायची प्रार्थना? तो आपण पुस्तकातनं एका दमात वाचतो आणि पान उलटतो. त्यात कुणाचं नाव नाही, रक्कम नाही. माझी सूचना एवढीच, नाताळ ते ३१ मधे जो आठवडा मिळतो त्यात ज्याचं देणं आहे, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या दारात जाऊन यावं आणि मग चर्चला यावं. मत्तय ५ मधे प्रभूनं हेच सांगितलंय, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. देवाच्या न्यायापुढं नम्र होणं ते हे. डोळे मिटून मान खाली घालणं काय, कुणालाही जमतं.

सातरस्ता_संध्या
दादा, राग मानू नका पण हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. माझ्या आत्याचं लेकरू आजारात गेलं तेव्हा मंडळीतल्याच बायका घरी येऊन तिला म्हणाल्या की स्वतःला तपास, काहीतरी पाप लपलेलं असेल. ती बाई पुढं कितीतरी दिवस रात्री उठून आठवत बसायची, काय चुकलं, कुठं चुकलं. तुमची ‘झडती’ बोलायला बरी वाटते पण ती कायम आधीच वाकलेल्या माणसाच्याच वाट्याला येते, फ्लॅटवाल्याच्या नाही. रोमकरांस पत्र ८ उघडा, पहिलंच वाक्य, जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. मग ३१ ला आम्ही आरोपी म्हणून का उभं राहायचं? वर्षभर घर, नोकरी, सासूबाईंचं औषधपाणी करून माणूस एक रात्र देवाचे आभार मानायला येतो, त्याला मानू द्या की.

विजापूररोडकर
ताई, आत्यांबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि त्या बायकांचं चुकलंच, शंभर टक्के. पण बघा, त्याच लूक १३ च्या सुरुवातीला काय आहे? शिलोहात बुरूज पडून अठरा माणसं मेली. प्रभू विचारतो, ती काय यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती? आणि स्वतःच सांगतो, नाही. पण पुढं म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही तसाच नाश होईल. म्हणजे दुसऱ्याच्या दुःखावरनं त्याचं पाप मोजायचं नाही, हे आधीच सांगून टाकलंय, आणि स्वतःकडं बघायचं टाळायचं नाही हे पण. अंजिराचा दाखला लगेच ह्याच्या पाठोपाठ येतो. आपण मंडळीत नेमकं उलटं करतो, दुसऱ्याची झडती घेतो आणि स्वतःची साक्ष देतो.

लूमवाला
मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, नाव सांगत नाही. दादांनी ‘देणं’ म्हटलं म्हणून लिहितोय. पुढच्या बाकावर बसणारे, चंदा द्यायला सगळ्यात आधी हात वर करणारे, आणि कामगाराचा पगार दहा तारीख उलटली तरी आज देतो उद्या देतो, असे मी बघितलेत. याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय, दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानापर्यंत जातं असं तिथं लिहिलंय. हे वचन टाका की एकदा कार्डाच्या ताटात, बघू कोण उचलतंय. 😀

अण्णा_पेन्शनर
मुलांनो, थोडं जुनं सांगतो, लांबलं तर सोडून द्या. ही रात्रजागराची उपासना मोरावियन नावाच्या जुन्या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांत होती, तिकडनं ती मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं घेतली. १७४० च्या दशकात इंग्लंडातल्या ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडचे कोळसा खाणीतले कामगार, आधी शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात घालवणारे, प्रार्थनेला रात्रभर बसायला लागले. सुरुवातीला तर ती ३१ डिसेंबरची नव्हतीच, महिन्यातनं एकदा पौर्णिमेच्या आसपास असायची, म्हणजे घरी जाताना उजेड मिळावा. १७५५ मधे त्यानं कराराची उपासना चालू केली, त्यात माणूस उभा राहून देवाला सांगायचा की मी आता माझा नाही, तुझा आहे, मला कामाला लाव नाहीतर बाजूला ठेव. ती पुढं मेथडिस्टांत नव्या वर्षाला जोडली गेली. आपल्याकडचं काम अमेरिकन मराठी मिशनचं, ते काँग्रिगेशनल पंथाचं, मेथडिस्ट नव्हे, पण रात्र मात्र आपण घेतली. करार घेतला नाही. तेवढ्यापुरता मी विजापूररोडकरांच्या बाजूनं.

पण एक सांगतो, झडतीचा पण कार्यक्रम होतो. मी तरुणपणी असल्या सभा बघितल्यात, एकानं रडून पाप सांगितलं की दुसरा त्याच्याहून मोठं पाप सांगायचा, आणि घरी जाताना चर्चा कोण किती रडला ह्याची. लूक १८ मधला जकातदार लांब उभा राहिला, वर बघायची पण त्याची छाती झाली नाही, ‘देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढं एक वाक्य बोलला आणि घरी गेला. त्याच दाखल्यात स्वतःच्या धार्मिकपणाची बढाई मारणारा परूशी पण आहे; आपल्यात लोकं जकातदाराचं वाक्य परूशाच्या आवाजात म्हणतात. आणि प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात स्पष्ट सांगतो की मी स्वतःचा सुद्धा न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. तेव्हा विजापूररोडकर, स्वतःला दोषी ठरवायचा अधिकार पण आपल्याकडं नाही हो. आपण फक्त दार उघडायचं. स्तोत्र १३९ मधे दावीद ‘मी माझी झडती घेतो’ म्हणत नाही, ‘देवा, तू घे’ म्हणतो.

हिशेब_दाखवा
सगळं खरं आहे पण एक गोष्ट कुणीच बोलेना. मंडळीत कुणी उठून विचारलं की छपराच्या फंडाचं काय झालं, तर त्याला लगेच उत्तर मिळतं, भाऊ आधी स्वतःला तपासा. हे आत्मपरीक्षण वरनं खाली ढकलायचं हत्यार झालंय. १ पेत्र ४ मधे न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून होणार असं आहे, घर म्हणजे कमिटी पण आली की नाही त्यात? मी ३१ ला नम्र व्हायला तयार आहे, पण ऑडिट झालेला जमाखर्च दाराशी चिकटवा, मग.

विजापूररोडकर
चिकटवाच, माझा विरोध नाही. पण कमिटीनं चिकटवेपर्यंत माझं माझ्या भावाशी बोलणं बंदच राहणार का?

पुणे_टू_सोलापूर
आम्ही पोरं हुतात्मा एक्सप्रेसनं दोन दिवसांसाठी घरी येणार, त्यात ३१ ला बाहेर डीजे आणि आत तुम्ही लोकं रडवणार, कोण येईल सर? सिरियसली बोलायचं तर माझा प्रॉब्लेम वेगळा आहे. ज्याला दुखवलं त्याच्या दारात जायचं म्हणता, पण त्याला मी नकोच असेन तर? कॉलेजात एकाला मी आणि माझ्या ग्रुपनं लै त्रास दिला होता. आता माझं मन हलकं व्हावं म्हणून मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहायचं, म्हणजे परत त्याच्याच डोक्याला ताप.

सातरस्ता_संध्या
बरोबर बोललास बाळा. हेच मला म्हणायचं होतं, समोरच्याचा विचार कुठंय ह्या सगळ्यात? आत्याला त्या बायकांपैकी एक खूप वर्षांनी भेटायला आली, माफी मागितली, रडली, आणि मग आत्यानंच तिला चहा करून दिला आणि समजूत काढली. ती हलकी होऊन गेली. आत्या रात्रभर जागी.

लूमवाला
ताई, पैशाच्या देण्यात तरी तसं नसतं. पगार आला की बास, रडू नका, या पण नका.

विजापूररोडकर
लूमवाल्या भाऊनं मुद्द्यावर आणलं. जक्कयाचं बघा, तो यरीहोतला जकातदारांचा मुख्य, त्यानं रडारड केल्याचं लूकनं कुठं लिहिलेलं नाही. तो उभा राहून सरळ हिशेब सांगतो, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. संध्याताई, तुमचं पटलं, सगळ्यांच्याच दारात जायचं असं नाही. जिथं आपण गेल्यानं जखम उघडणार तिथं लांब राहणं हीच माफी समजा. पण ताई, त्या एका सवलतीत आपण सगळीच देणी बसवून टाकतो, तेवढं मान्य करा.

सातरस्ता_संध्या
अर्धं मान्य. आभाराची साक्ष मात्र मी देणारच, सासूबाई यंदा वाचल्यात.

पुणे_टू_सोलापूर
आणि ज्याचं देणं आहे तो माणूसच वारला असेल तर?

अण्णा_पेन्शनर
मोशेच्या नियमशास्त्रात त्याची पण सोय आहे बाळ. गणना, पाचवा अध्याय. ज्याचं नुकसान केलं त्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. तो नसेल आणि घ्यायला कुणी नातेवाईक पण नसेल तर ती भरपाई परमेश्वराची, म्हणजे याजकाकडं जमा करायची.

हिशेब_दाखवा
म्हणजे फिरून कमिटीकडंच! द्या बाबांनो, पण पावती घ्या.