शिवनाथचं काय झालं ते आठवा
आपल्या नदीच्या पाण्याच्या कराराविरुद्ध मोर्चा काढायचं ठरत असताना ‘नदी कोण विकतंय, हे फक्त पाणीपुरवठ्याचं कंत्राट आहे’ असं सांगितलं गेलं, ते काही पटलं नाही. छत्तीसगडच्या शिवनाथ नदीचंही कागदावर तेवढंच होतं. १९९८ साली बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी द्यायला २२ वर्षांचा करार झाला आणि सुमारे २३ किलोमीटर पात्र एका खासगी कंपनीच्या हाती गेलं. काठावरच्या कोळ्यांना जाळं टाकायला बंदी, शेतकऱ्यांचे पंप बंद! खरी मेख पुढेच: उद्योगांनी पाणी उचललं नाही तरी सरकारी महामंडळानं रोजच्या ४० लाख लिटरचे पैसे मोजायचे. आंदोलनं पेटली, २००७ मध्ये विधानसभेच्या लोकलेखा समितीनंही करार रद्द करायला सांगितलं. तेव्हा मोर्चाची तारीख नंतर ठरवा, आधी माहिती अधिकारात आपल्या कराराची प्रत काढा. किमान उचलीचं कलम, म्हणजे पाणी घेतलं नाही तरी ठरलेले पैसे देण्याची अट, पहिलं वाचा.