मिलच्या गिअरबॉक्सचं ऑइल लॅबला पाठवायचंय, कुठल्या टेस्ट सांगू?

नमस्कार मंडळी, साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे, मिल हाऊस माझ्याकडे. चार गिअरबॉक्स, प्रत्येकी साडेचारशे लिटर ३२० ग्रेडचं ऑइल, आणि हंगाम संपला की दरवर्षी आम्ही ते सरळ बदलतो कारण आधीपासून तसंच चालत आलंय. यंदा साहेब म्हणाले आधी तपासून घ्या. गाळप अजून दोन आठवडे चालेल. सॅम्पल कुठून काढू, काय तपासायला सांगू? तीन नंबरच्या ऑइलचा रंग मला बरा वाटत नाहीये.

प्रतिसाद १
दादा, गाळप चालू असतानाच सॅम्पल घ्या. मिल थांबून ऑइल गार झालं की धातूचे कण आणि पाणी तळाला बसतं, मग वरून घेतलं तर सगळं छान दिसतं आणि ड्रेनमधून घेतलं तर उगाच धडकी भरते. फिल्टरच्या आधी लाइनला छोटा कॉक असेल तर उत्तम, आधी थोडं ऑइल सोडून द्यायचं आणि मग भरायचं, पाऊण बाटली बास. बाटली लॅबचीच मागवा. आमच्या फिटरने एकदा कोल्ड्रिंकची बाटली विसळून त्यात दिलं, रिपोर्टमध्ये पाणीच पाणी, गिअरबॉक्स खोलायला निघालो होतो आम्ही! आणि नव्या बॅरलचंही एक सॅम्पल पाठवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

प्रतिसाद २
व्हिस्कॉसिटी (ऑइलचा दाटपणा) ४० डिग्रीला, पाणी, अ‍ॅसिड नंबर (ऑइलमधलं आम्ल) आणि धातूंचे पीपीएम (दहा लाखात किती भाग) एवढं हवंच. टीबीएन (आम्ल मारायची ऑइलची ताकद) नको, ते इंजिन ऑइलचं. ३२० ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी २८८ च्या खाली किंवा ३५२ च्या वर गेली तर विचार करा. लोखंड वाढलं तर दात नाहीतर बेअरिंग, तांबं वाढलं तर ब्राँझचा भाग झिजतोय. सिलिकॉन म्हणजे बहुतेक उसाबरोबर येणारी माती, पण फेस न येण्यासाठी ऑइलमध्येच थोडं सिलिकॉन घालतात, म्हणून ते नव्या ऑइलशी ताडून बघा. अजून एक, पीपीएमच्या टेस्टला मोठे कण नीट दिसत नाहीत, दाताचे टवके उडत असतील तरी आकडा कमीच दिसतो, म्हणून पीक्यू इंडेक्स (चुंबकाला ओढले जाणारे लोखंडाचे कण, मोठेसुद्धा, मोजणारी टेस्ट) जरूर मागा. एका रिपोर्टवर ऑइल फेकू नका हो, पुढच्या हंगामापासून दर महिन्याला घ्या, आकडा कसा चढतोय ते बघायचं असतं.

प्रतिसाद ३
तोवर घरच्या घरी एक करा, हॉट प्लेट १६० डिग्रीपर्यंत तापवून तीन नंबरच्या ऑइलचा एक थेंब टाका, चष्मा घालून आणि लांबून. तडतडलं तर पाणी आहे. ब्रीदरही (गिअरबॉक्सची हवा आत-बाहेर करणारी वरची जाळी) काढून बघा.

धागाकर्ता
खूप आभार सगळ्यांचे. आज केलं, एक, दोन आणि चारचा थेंब गप्प पसरला, तीनचा फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडला. ब्रीदर काढला तर आत बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) ओला बोळा, आणि मिल धुताना गरम पाण्याचा पाइप बरोब्बर त्याच्यावरच मारतात आमची पोरं. नवीन ब्रीदर बसवलाय, वर पत्र्याची टोपी करून घेतली. चारही सॅम्पल आणि नव्या ऑइलचं एक उद्या जातंय, पीक्यू सांगितलाय. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.