आजोबांची दुनळी, मोकळं रान आणि आईला मराठी शेजार: इंदूर सोडून ग्वाल्हेर की बडोदे?

दुनळी_इंदूर
नमस्कार मंडळी. बरेच महिने घोळतंय म्हणून आज टाकतोच. मी इंदूरचाच, लोकमान्य नगरात वाढलो, आता निपानियात फ्लॅट आहे आणि खिडकीतून बघावं तर चारी बाजूंनी क्रेन. आजोबा होळकरांच्या नोकरीत होते, शिकारीचा नाद असा की घरात अजून त्यांची बारा बोरची दुनळी आहे (परवाना आता बाबांच्या नावावर). तो रानाचा किडा माझ्यात उतरलाय, नेम मात्र उतरला नाही, तो मुलीत उतरलाय बहुतेक, ती सातवीत आहे आणि एअर रायफल शिकून राहिलीय.

काम घरूनच, नेट असलं की झालं. तर हिचं माहेर ग्वाल्हेर, लष्कर भागात, आणि माझी ताई बडोद्यात वाडीला, म्हणून हे दोन पर्याय. मला हवं काय तर सकाळी उठून तासाभरात रानात पोचता यावं, गळ टाकून बसता यावं, मुलीला रेंज मिळावी आणि आईला हिंदीत विचार न करता बोलता येईल असा शेजार. शिकार बंद आहे हे ठाऊक आहे, पण शेतातल्या रोजड्यांसाठी (नीलगायींसाठी) परवानगी मिळते असं कोणी तरी सांगितलं, खरं का? भिया लोक, मोकळेपणानं सांगा.

वकील_काका
आधी रोजड्याचं उरकून टाकू. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, तेव्हा थोडीफार लायसनवाली शिकार उरली होती, 1991 च्या दुरुस्तीत तीही गेली. आता कलम 11 खाली माणसाच्या जिवाला धोका किंवा पिकाचं नुकसान असेल तर अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, पण ती शेतकऱ्याच्या अडचणीसाठी, तुमच्या हौसेसाठी नाही. आणि कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही बरं का, फास लावणं, हाकारा करणं, आमिष टाकणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं त्यातच येतं. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर कमीत कमी तीन वर्षं आत.

दुनळीबद्दल: घर बदललं आणि हत्यार सोबत नेलं तर 30 दिवसांत जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणच्या परवाना कचेरीला कळवायचं. परवान्याची हद्द फक्त मध्य प्रदेशपुरती असेल तर बडोद्याला नेण्याआधीच हद्द वाढवून घ्यावी लागेल, हे लक्षात असू द्या. आणि बाबा आहेत तोवर वारसाचं विचारून ठेवा. परवानाधारक गेल्यावर घरच्यांनी बंदूक कपाटात तशीच ठेवली की ती बिनपरवाना होते, मग ठाण्यात नाहीतर डीलरकडे जमा करून अर्ज करावा लागतो. चांगल्या घरची माणसं यात अडकलेली बघितलीत मी.

रोजडा_त्रस्त
देवासजवळ शेती आहे आमची. शौकीन लोकांना सांगतो, रात्रभर मचाणावर बसून डबा वाजवायला या, खरी आउटडोअर लाईफ तीच. हरभरा एका रात्रीत साफ करतात साले. 2025 ला शाजापूरकडे सरकारनं हेलिकॉप्टरनं हाकून, बोमा (नरसाळ्यासारखं कुंपण) लावून काळवीट आणि रोजडे पकडून जंगलात सोडले, म्हणजे बघा प्रकरण कुठवर गेलंय. परवानगी कागदावर आहे, मिळेपर्यंत पीक राहत नाही.

लष्करचा_बाळ
जावईबापू, सासरवाडीची बाजू मांडायला कोणी तरी पाहिजे ना! रानाच्या हिशोबानं ग्वाल्हेरच्या आसपास जे आहे ते तुमच्या माळव्यात नाही, स्पष्ट सांगतो. शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान 115-120 किमी, ते मुळात शिंद्यांचं शिकारीचं रान, तिथे 2023 मध्ये वाघ परत आणून सोडले आणि 2025 ला टायगर रिझर्व्ह झालं. कूनो तीनेक तास, सप्टेंबर 2022 ला नामिबियाचे आठ चित्ते आले तेव्हापासून नाव सगळ्यांना माहीत झालंय. पण मला विचाराल तर या सगळ्यात चंबळ. मुरैनाच्या पुढे राजघाटाला हिवाळ्यात सकाळी जा, वाळूवर घडियाल (लांब तोंडाच्या मगरी) असे पसरलेले असतात की आधी ओंडके वाटतात, मग त्यातला एक तोंड उघडतो. नशीब असेल तर नदीत सूस दिसते, तीच डॉल्फिन. फक्त गळ घरी ठेवून जा, ते अभयारण्य आहे, मासेमारी अजिबात नाही.

आता खोट सांगतो. मे-जूनमध्ये 45 च्या वर, त्या दोन महिन्यांत रानाचं नावच काढायचं नाही. आणि बंदुकीचा इथला मामला वेगळा, भिंड-मुरैना-ग्वाल्हेर पट्ट्यात खांद्यावर बंदूक ही इभ्रत आहे, लग्नात हवेत बार काढतात, माणसं मेलीत त्यात. तुमच्या मुलीला जे शिकायचंय ते हे नव्हे.

मराठीचं म्हणाल तर मन थोडं दुखतं. 1961 चं साहित्य संमेलन इथे झालं, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, त्या पदावरच्या पहिल्या बाई. गायक कृष्णराव शंकर पंडितांचं गाव हे. ढोलीबुवांच्या मठात कीर्तन ऐकायला आजही जातो आम्ही. पण माझ्या पिढीची पोरं घरातसुद्धा हिंदीत बोलतात, मराठी फक्त आजीशी. मावशींना (तुमच्या आईंना) त्यांच्या वयाच्या चार-पाच जणी नक्की मिळतील, नातीला मैत्रिणी मराठी मिळणार नाहीत.

दुनळी_इंदूर
बाळासाहेब, ही म्हणते तुम्ही कुठल्या गल्लीतले ते कळलंय, लवकरच फोन येईल :) चंबळचं वाचून मोह झाला. पण दोन महिने घरात कोंडून बसायचं असेल तर आईचं अवघड आहे, तिला दमा आहे.

वाडीवाला
बडोद्याकडून मी. ताई वाडीला म्हणजे आमच्या शेजारीच की. आईंचा प्रश्न इथे चुटकीसरशी सुटतो, वाडी, दांडिया बाजार, राजमहाल रोडकडे मराठी घरं गच्च आहेत, गणपतीत तर विसरायला होतं की आपण गुजरातेत आहोत. मराठी वाङ्मय परिषद आहे, 2018 चं 91 वं संमेलन इथेच झालं. आमचं मराठी ऐकून पुण्याचे लोक हसतात, हसू देत ने.

रानाचं म्हणाल तर वाघ नाही, पण रोजचं रान भरपूर. पावागड तासाभरावर, त्याच्या पुढे जांबुघोडा, सागवान-बांबूचं जंगल, अस्वल-बिबट्या आहेत, पावसाळ्यानंतर तर डोळे निवतात. डभोईजवळ वढवाणा तलाव, रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहे 2021 पासून, थंडीत पट्टकादंब (रानहंस) उतरतात हिमालय ओलांडून, पहाटे धुक्यात त्यांचा आवाज आधी येतो, पक्षी मग दिसतात. शिवाय विश्वामित्री! शहराच्या मधोमध मगरी. पूर आला की त्या सोसायटीत येतात, ऑगस्ट 2024 ला किती तरी ठिकाणांहून उचलल्या. घर घेताना नदीकडचा तळमजला घेऊ नका, ब्रोकर काहीही सांगो.

गळवाल्यांसाठी एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. मासा पकडाल, पण तळाल कुठे? पुष्कळ सोसायट्यांत नॉनव्हेजवाल्याला घरच देत नाहीत. बघायला गेलात की आधी हेच विचारून घ्या, नाहीतर सामान लावून झाल्यावर कटकट. जुन्या मराठी वस्तीत हा त्रास नाही. आणि दारूबंदी आहे, कॅम्प फायरला लिंबू सरबत.

महू_कॅन्ट
मला एक कळत नाही, मूळ इंदूरचा माणूस रान शोधायला बाहेर का चाललाय? निपानिया म्हणजे इंदूर नव्हे भिया. शहराच्या दक्षिणेला सरका. महू, सिमरोळ, चोरल, हा सगळा विंध्याचा उतार आहे. जानापाव, जिथे चंबळ उगम पावते, सकाळी चढून दुपारच्या जेवणाला घरी. (वरच्या बाळासाहेबांची चंबळ आमच्याकडूनच जाते, विसरू नये.) पातालपाणी-काळाकुंड मीटर गेजवर 2018 पासून हेरिटेज गाडी आहे, काळाकुंड स्टेशनवर पळसाच्या पानात कलाकंद मिळतो, तेवढ्यासाठी सुद्धा जावं. बिबटे तर आहेतच, 2023 ला महूत लष्करी हद्दीत वाघ फिरत होता, कॅमेऱ्यात आला आणि आम्ही सगळ्यांनी संध्याकाळचा वॉक बंद केला. फक्त पावसाळ्यात पातालपाणीच्या पात्रात उतरायचं नाही, वरून पाणी कधी येतं ते कळत नाही.

पोरीचं बघायचं तर नेमबाजीत इकडेच राहा. महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, 2012 च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्य मिळवणारा विजय कुमार तिथला. ते फौजींसाठी, सिव्हिलियन मुलांना आत घेत नाहीत, पण भोपाळची राज्य नेमबाजी अकादमी इंदूरहून चार तासांच्या आत, खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर तिथूनच पुढे गेला. ग्वाल्हेरहून हेच अंतर दुपटीहून जास्त. आणि 4.5 मिमीची, 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर परवानाही लागत नाही, घरी दहा मीटरची गल्ली केली की सराव सुरू. मागे भिंत पक्की हवी, पत्र्यावरून छर्रा उलटतो.

वकील_काका
आणि त्या छऱ्यानं पारवा पाडला तरी चालतं असं कोणी समजू नये.

किवी_इंदुरी
मी मूळ सुदामा नगरचा, आता न्यूझीलंडमध्ये. ज्यांना खरोखर शिकारच करायची आहे त्यांच्यासाठी लिहितोय, दुनळीभाऊंसाठी नाही. इथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही, हरणं सगळी बाहेरून आणलेली आणि ती जंगल खाऊन टाकतात, म्हणून शिकार हवीच असते. सरकारी रानाचा परमिट ऑनलाइन फुकट मिळतो. बंदुकीचं लायसन पोलिसांकडून, त्यासाठी घरी येऊन तिजोरी बघतात, बायकोशीही बोलतात. 2019 च्या क्राइस्टचर्चच्या गोळीबारानंतर सेमी-ऑटोमॅटिक बहुतेक बंद. गंमत म्हणजे इथल्या उत्तर बेटावर सांबर आहे, श्रीलंकेतून आणलेलं, आणि दक्षिणेत हिमालयातला थार (रानबकरा), 1904 मध्ये सोडलेला. आजोबांनी जे मारलं ते नातवाला कायदेशीर मारता येतं, पण विमानात बारा तासांहून जास्त बसून.

पण मंडळी, मारलेलं सांबर पाठीवर घेऊन चिखलातून चार तास उतरायचं असतं, सोबत कोणी मराठी बोलणारा नसतो. गणपतीला आम्ही जमतो, शनिवार बघून. आईला इथे आणली होती, थंडीत कंटाळून परत गेली.

रामबागची_सून
मी शिकारीतली नाही, पण सासूबाईंच्या बाजूनं बोलते. इंदुरात सानंद संस्थेचे नाटकाचे प्रयोग होतात, मुंबईची नाटकं येतात, जागा मिळत नाही इतकी गर्दी. महाराष्ट्र साहित्य सभा आहे, 2001 चं संमेलन इथे झालं होतं. राजेंद्र नगरात आमच्या आत्याबाई राहतात, तिकडे भजनी मंडळ, हळदीकुंकू, श्रावणातलं सगळं साग्रसंगीत. राजेंद्र नगर म्हणजे महूच्या रस्त्यालाच ना? मग वर महूवाले सांगतात ते रान आणि आईंचा शेजार एकाच बाजूला येतंय की. बायकांना कोणी विचारतच नाही म्हणून मधे बोलले.

दुनळी_इंदूर
वहिनी, ही स्क्रीनवर बोट ठेवून म्हणते "बघ". बरोबर आहे. आता गळाचं कोणी सांगा. चोरल धरणावर टाकता येतो का?

गळ_आणि_गप्पा
तलाव बहुतेक ठेक्यानं दिलेले असतात, ज्याचा ठेका त्याला विचारून, पैसे देऊन बसायचं, वाद घालायचा नाही. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद, माशांचा विणीचा काळ. तुम्ही "हौशी आहे हो" म्हणालात तरी जाळं-गळ जप्त होतो. कटला, रोहू, मरळ मिळते. माहशीरची आशा धरू नका, 2011 पासून राज्याचा मासा आहे पण नर्मदेवर धरणं झाली आणि वाहतं पाणी गेलं, आता बडवाहकडे वनविभाग त्याची पैदास करतोय. चुकून लागलाच तर ओल्या हातानं सोडून द्या. पहाटे बडवाहच्या पुढे नर्मदेकाठी बसलो की मासा लागला नाही तरी चालतं, मात्र बायकोला सांगताना लागला असंच सांगायचं.

लष्करचा_बाळ
म्हणजे सगळे मिळून जावयाला इंदुरातच ठेवणार. ठीक आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ग्वाल्हेरला येऊन राहा, चंबळ मी दाखवतो, डिसेंबरात तानसेन समारोह धरून या, दमेकऱ्याला धुक्याचे दिवस टाळून.

दुनळी_इंदूर
येणारच. तोवर दोन गोष्टी. राजेंद्र नगर ते राऊ या पट्ट्यात तळमजल्याचं, मागे निदान पंधरा मीटर मोकळी जागा असलेलं भाड्याचं घर कोणाच्या नजरेत असेल तर व्यक्तिगत निरोप करा, आधी वर्षभर राहून बघतो, घेणं नंतर. आणि वकील काका, बाबांच्या परवान्याचं नूतनीकरण फेब्रुवारीत आहे, त्याच वेळी वारसाचा अर्ज जोडता येतो का वेगळा करायचा?

वकील_काका
वेगळा. बाबांचं वय आणि तब्येत बघून त्यांनी हयातीतच तुमच्या नावावर करायची तरतूदही आहे, कागद घेऊन या, फोनवर नको.