घरच्या स्विमिंग पूलचा खर्च: कात्री नेमकी कुठे लावायची?

तळेगावकर

तळेगाव दाभाड्याला आमच्या बंगल्यामागे आठ मीटर बाय चार मीटरचा पूल आहे. पाणी साधारण बेचाळीस हजार लिटर. आमच्या गल्लीतले दोन पूल गेल्या उन्हाळ्यात खर्चाला कंटाळून बंद पडले. पूल म्हणजे पांढरा हत्ती, असं आता जो तो म्हणतो. मला हे अजिबात पटत नाही. पूल महाग पडतो तो चुकीच्या ठिकाणी काटकसर केल्यामुळे.

बहुतेक जण पहिली कात्री क्लोरीनला लावतात. पाणी एकदा हिरवं झालं की शॉक डोस म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन द्या, भिंतीवरचं शेवाळ घासा, पुन्हापुन्हा बॅकवॉश घ्या, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो, शिवाय प्रत्येक बॅकवॉशला तीन-चारशे लिटर पाणी गटारात जातं.

खरा पैसा खाते पाणी फिल्टरमधून फिरवणारी मोटर. ठेकेदार सर्रास दोन एचपीची मोटर बसवतात आणि रोज दहा तास चालवायला सांगतात. तासाला पावणेदोन-दोन युनिट, म्हणजे महिन्याला सव्वापाचशे-सहाशे युनिट झालीच. त्यात महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. फ्रिज, पंखे, दिवे खालच्या टप्प्यांत बसतात आणि पूलची युनिटं त्यांच्यावर चढून सगळ्यात महाग टप्प्यात जातात. नुसता युनिटचा सरासरी दर काढणाऱ्याला हे दिसतच नाही.

यावर उपाय म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारी मोटर. वेग निम्मा केला की पाणी निम्मं फिरतं, पण वीज हिशेबाने आठव्या हिश्शावर येते. प्रत्यक्षात पाचवा हिस्सा धरा. तास दुप्पट केले तरी बिल निम्म्याच्या खाली राहतं.

दुसरी गोष्ट आच्छादन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसाला सात मिलिमीटर पाणी सहज उडतं. आमच्या पूलच्या मापाला हे रोजचे सव्वादोनशे लिटर झाले. पूल झाकलेला असला की यातलं बरंचसं वाचतं आणि ऊन न लागल्याने क्लोरीनही टिकतं.

ज्यांना पूल बुजवणंच शहाणपणाचं वाटतं, त्यांनी कारणं मांडावीत.

मावळची_लेक

दादा, तुमचा रुपयांचा हिशेब बरोबर असेल. मी पाण्याचा मांडते. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी असं प्रमाण सरकारी नियोजनात धरतात. बेचाळीस हजार लिटर म्हणजे चौघांच्या घराचं अडीच महिन्यांचं पाणी. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे आपण इतक्यात विसरलो? मार्च 2024 मध्ये बेंगळुरूत तर स्विमिंग पूलला पिण्याचं पाणी वापरायलाच बंदी आली होती, पाच हजार रुपये दंडासकट.

आमच्या वाड्यांवर मे महिन्यात बायका हंडे घेऊन थांबतात आणि पलीकडच्या फार्महाउसवर टँकर रिकामा होत असतो. हे मी दर उन्हाळ्यात बघते. पोहायचं असेल तर शहरात सार्वजनिक तलाव आहेत. पुण्यात टिळक तलावावर पिढ्यान्‌पिढ्या पोहायला शिकल्या. एका तलावात शेकडो माणसं पोहतात, तेव्हा त्या पाण्याचं चीज होतं. तुमच्या पूलमध्ये किती जण उतरतात?

तळेगावकर

ताई, टँकरबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण बेचाळीस हजार लिटर दर महिन्याला लागत नाहीत. नीट राखलं तर तेच पाणी वर्षानुवर्षं चालतं, भर घालावी लागते ती फक्त उडालेल्या आणि बॅकवॉशला गेलेल्या पाण्याची. आमच्याच भागात बंगल्यांपुढे हजार-हजार चौरस फुटांची हिरवळ आहे. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच लिटर धरले तरी तिला साडेचारशे लिटर लागतात, म्हणजे उघड्या पूलच्या दुप्पट. त्या हिरवळीला कोणी काही बोलत नाही.

पूलवाले_काका

लोणावळा-खंडाळ्याकडचे बरेच पूल माझ्या देखरेखीखाली आहेत. क्लोरीनबद्दल तळेगावकर शंभर टक्के बरोबर, पण महागड्या मोटरीची घाई मला पटत नाही. ज्यांचं घर शनिवार-रविवारीच उघडतं त्यांच्या जुन्या मोटरीला टायमर लावा, दहा तासांचे पाच करा. एवढ्या पाण्याला ते पुरतात. बचतीचा मोठा वाटा त्यातच येतो आणि खर्च किरकोळ. चांगली चालू मोटर काढून नवी बसवली तर ते पैसे वसूल व्हायला फार वेळ लागतो. मोटर जळेल तेव्हा नवी घ्या, आणि दोनऐवजी एक एचपीची घ्या.

त्याआधी एक काम करा, ज्याला पैसाही लागत नाही. पूलच्या पायरीवर बादली ठेवा. बादलीत पूलचंच पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरा आणि आतून-बाहेरून पेन्सिलने खूण करा. चोवीस तासांनी बघा. दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल तर ते उन्हाने उडालं. बाहेरचं जास्त उतरलं असेल तर गळती आहे. मोटर चालू ठेवून एकदा आणि बंद ठेवून एकदा बघा. चालू असताना गळती वाढत असेल तर मोटरीपुढच्या पाइपात शोधा. कित्येक मालक गळतीचं पाणी उन्हाच्या खात्यात घालतात आणि टँकरवाल्याला पैसे मोजत बसतात.

क्लोरीनच्या गोळ्यांबद्दलही सांगतो. टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) या नेहमीच्या गोळीतून क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिड पाण्यात उतरतं. थोडं असलं तर ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, पण ते उडत नाही, साठतच जातं. फार साठलं की क्लोरीन पाण्यात असूनही कामाला येत नाही. मालक म्हणतो गोळ्या नकली आल्या, आणि आणखी टाकतो! शेवटी पाणी काढून ताजं भरणं हाच उपाय उरतो. म्हणून अधूनमधून दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरावं, तेही सूर्य मावळल्यावर. पीएच 7.2 ते 7.6 राखा. 8 ला गेला तर क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा जोमाने काम करतो. आपल्या बोअरच्या जड पाण्यात तो वर जायलाच बघतो, त्यामुळे ॲसिडवर पैसे वाचवू नका.

ॲरिझोनाकर

फिनिक्सला आमच्या घरी पूल आहे. काकांचा टायमरचा मुद्दा फक्त शनिवार-रविवारी वापरायच्या पूलला ठीक, पण रोज पोहणाऱ्या घराला मी वेग बदलणारी मोटरच सुचवीन. अमेरिकेत 2021 च्या जुलैपासून नव्या मोटरींना कार्यक्षमतेचे असे केंद्रीय नियम लागू झाले की मध्यम आणि मोठ्या पूलसाठी दुकानात बहुतेक तशाच मोटरी मिळतात. आमच्याकडे विजेचा दर तासाप्रमाणे बदलतो, म्हणून संध्याकाळच्या महागड्या वेळात मोटर बंदच असते. तुमच्याकडे छतावर सोलर असेल तर मोटर दुपारीच चालवा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट आणि त्यापुढे 78,000 रुपये अनुदान आहे, ते सोडू नये.

आणि एका गोष्टीत तुम्ही नशीबवान आहात. आमच्याकडे पाऊस नावालाच, त्यामुळे क्षार आणि सायन्युरिक ॲसिड साठलं की काही वर्षांनी पूल उपसावा लागतो. तुमचा पावसाळा हे काम फुकट करून देतो.

दोन_मुलांची_आई

आच्छादनाचं इतकं कौतुक चाललंय म्हणून लिहिते. पाण्यावर नुसतं तरंगणारं प्लास्टिक लहान मुलाचं वजन पेलत नाही. मूल त्याच्याखाली गेलं तर वरून दिसतही नाही. कुंपण, आपोआप मिटणारं फाटक आणि त्याची उंचावरची कडी यांवर एक रुपयाही वाचवू नका. फाटक बसवायला पैसे नसतील तर पूल ठेवूच नका, हे माझं ठाम मत आहे.

बंद पडलेल्या पूलबद्दलही बोला कोणीतरी. आमच्या शेजारी मोटर बंद करून खर्च वाचवलाय. त्या साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळताना दिसतात. डेंग्यू आम्हाला झाला तर तो खर्च कोणाच्या हिशेबात धरायचा?

पूलवाले_काका

बाई बोलल्या ते खरं आहे. फुगेवाल्या पारदर्शक आच्छादनाची आणखी एक अडचण म्हणजे मे महिन्यात खालचं पाणी कोमट होतं आणि शेवाळाला तेच हवं असतं. आपल्याकडे अपारदर्शक घ्या.

मावळची_लेक

हिरवळीचा मुद्दा मला पटला, तीही नको. पण टँकरच्या मुद्द्याचं उत्तर अजून मिळालं नाही. बोअर आटल्यावर काय करता? टँकर मागवलात तर तो याच तालुक्यातल्या कुठल्यातरी विहिरीतून भरून येतो. झाकून, बादली ठेवून तुम्ही बिल कमी कराल, पण आमच्या विहिरीची पातळी त्याने वर येत नाही. मेमध्ये तुमचा पूल भरलेला असावा हा हट्टच मला मान्य नाही.

तळेगावकर

टँकर मी मागवणार नाही, हे इथे लिहून देतो. एप्रिलनंतर पातळी जिथपर्यंत उतरेल तिथपर्यंत उतरू द्यायची, पावसाने भरेल तेव्हा भरेल. काका, असं चालेल का? का सरळ रिकामाच करून ठेवू?

पूलवाले_काका

रिकामा अजिबात करू नका. जूनमध्ये जमिनीतलं पाणी वर चढलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते, तळाला तडे जातात, टाइल्स सुटतात. ती दुरुस्ती सगळ्या टँकरांपेक्षा महाग पडेल. पाणी स्किमरच्या, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या, तोंडाखाली गेलं की स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करून तळाच्या जाळीतून मोटर चालवा, नाहीतर ती हवा ओढेल आणि सील जळेल. तशी रोज दोन-तीन तास चालवली, क्लोरीन राखलं, तर डासही होणार नाहीत. पाणी कमी म्हणून डोसही त्याच मानाने कमी लागेल.

मावळची_लेक

कमी पाण्यात चालतो हे तुम्हीच सांगितलंत ते बरं झालं. आता हे तुमच्या लोणावळ्याच्या मालकांनाही सांगा काका, टँकर तिकडेच जास्त जातात.