भांडुपचा वन बीएचके 62 लाखांना, हातात 13. जमेल का?

लालबागकरीण
आम्ही दोघं नोकरीवाले, चाळीत सासू-सासऱ्यांबरोबर राहतो. भांडुप पश्चिमेला रिसेलचा फ्लॅट बघितलाय. सध्या भाड्याने द्यायचा, 20 हजार येतील. बँक 80 टक्के देते म्हणे, म्हणजे आमचे 12 लाख 40 हजार. सगळं झाडूनपुसून 13 जमलेत. भाड्यातून हप्ता निघेल ना? टॅक्सही वाचेल? हसू नका, पहिलीच वेळ आहे.

मुलुंडचा_मामा
हसतोय कशाला, मी ऐनवेळी मेहुण्यापुढे हात पसरला होता! 80 टक्के फक्त घराच्या किमतीवर. वर स्टॅम्प ड्युटी 6 टक्के, म्हणजे 3 लाख 72 हजार (रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला भाव जास्त निघाला तर त्यावर), रजिस्ट्रेशन 30 हजार, एजंटचा एक टक्का धरा 62 हजार. तुमचे 12 लाख 40 हजार धरून 17 लाख झाले की! घर तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर ड्युटीत एक टक्का सूट. एकटीच्याच हं. मी हौसेने बायकोच्या नावापुढे माझं टाकलं नि सूट गेली.
हप्ता साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांचा, 43 हजार. भाडं वजा जाता 23 खिशातून.

हिशेबनीस
टॅक्सचं सांगतो. भाड्यातून 30 टक्के सरसकट वजा, मग व्याज. पहिल्या वर्षी व्याजच चार लाखांच्या वर, त्यामुळे भाड्यावर कर शून्य. उरलेला तोटा नव्या करपद्धतीत पगारातून वजा होत नाही. जुन्या पद्धतीत 2 लाखांपर्यंत होतो. घर एकटीच्या नावावर असेल तर नवऱ्याने हप्ते भरले तरी त्याला वजावट नाही. आणि किंमत 50 लाखांच्या वर, म्हणून विकणाऱ्याच्या पैशातून एक टक्का टीडीएस (आधीच कापायचा आयकर) तुम्हीच कापून भरायचा.

लालबागकरीण
म्हणजे अजून चार लाख. "एकटीच्या नावावर" ऐकून सासूबाई काय म्हणतात बघते. एजंट म्हणतो कागद सगळे क्लिअर आहेत.

मुलुंडचा_मामा
माझाही तेच म्हणाला होता. ओसी (इमारतीचा राहण्याचा परवाना), जुन्या करारांची साखळी, सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) हातात घेऊन बघा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला) उलटून मागची बाजू वाचा. माझ्या वेळी तिथे विकणाऱ्याचं नावच चढवलेलं नव्हतं. बँकेने दीड महिना चेक अडवला, आणि सेक्रेटरी गणपतीला गावी.