दहाच ट्रॅक, पण
'इलमॅटिक' चाळीस मिनिटांत आटोपतो म्हणून तुम्ही तो अपुरा ठरवलात, ते काही पटलं नाही बुवा. अमेरिकन रॅपर नासचा १९९४ चा हा पहिलाच अल्बम. दहा ट्रॅक, त्यातला पहिला तर नुसती प्रस्तावना. पण 'वन लव्ह' नीट ऐका: तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं आहेत ती, वस्तीची खबरबात कळवणारी. 'लाइफ्स अ बिच'च्या शेवटी कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य) वाजवणारे नासचे वडील ओलू दारा, आणि तुम्ही नेमकं तिथंच गाणं पुढं ढकलता म्हणे! आमच्याकडं सोलापुरात खाली यंत्रमागांची खडखड. हेडफोन लावला तरी 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'च्या पियानोत ती मिसळतेच. ठेका चुकत नाही, हे विशेष. 'हाफटाइम' मात्र मला अजून भिडलेला नाही.